भीमबेटक्यात आधी काहीच दिसलं नाही

आम्हा मराठवाड्यातल्या लोकांची एक गोची आहे. गुहा म्हटलं की डोळ्यांपुढे वेरूळ आणि अजिंठाच येतो. छिन्नीनं कापलेली भिंत, रांगेत खांब, आत मूर्ती. शाळेत इतिहास शिकवताना मी पंधरा-सोळा वर्षं भीमबेटकाही, म्हणजे भोपाळजवळची आदिमानवाच्या चित्रांची जागाही, त्याच थाटात सांगत आलो होतो. न बघता. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत अण्णांना, म्हणजे वडलांना, घेऊन निघालो.

परभणीहून जाणं अवघड नाही. सचखंड एक्स्प्रेस नांदेडहून निघते आणि परभणी, जालना, संभाजीनगर, मनमाड करत भोपाळला जाते. पोहोचायला अपरात्र होते, तेवढं धरून स्टेशनजवळ खोली बघून ठेवायची. १९५७ साली पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकर रेल्वेनं भोपाळला चालले होते. खिडकीतून त्यांना डोंगरावरचे हे खडक दिसले आणि मधेच उतरून ते तिकडे गेले, अशी हकीकत सांगतात. आम्हीही रुळावरून त्याच बाजूनं गेलो, पण अण्णा घोरत होते आणि मी वरच्या बर्थवर चप्पल शोधत होतो.

सकाळी टॅक्सी केली. भोपाळपासून अंतर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. पण ड्रायव्हरनं आधी भोजपूरचं मंदिर दाखवतो म्हणून गाडी तिकडे वळवली. मंदिर बघण्यासारखं आहे, वाद नाही, पण त्यात आमचे अडीच तास गेले आणि भीमबेटक्याच्या फाटकावर पोहोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं. तिकीट काढलं. वाटाड्या घेतला नाही. फलक वाचता येतात की, असा माझा मास्तरी तोरा.

सागाच्या झाडीतून पायवाट जाते आणि एकदम समोर खडक उभे राहतात. आपला दगड काळा, लाव्हारसाचा. तो माणसानं खोदला तेव्हा लेणं झालं. इथला वालुकाश्म आहे, जुन्या वाळूचा दाबून झालेला, आणि तो कोणी खोदलेला नाही. वाऱ्यापावसानं खालून झिजवला आणि वर छप्पर तेवढं राहिलं. कुठे कासवासारखा, कुठे अळंबीसारखा. गुहा म्हणण्यापेक्षा कपारी म्हणाव्यात. अशा सातशेवर कपारी या टेकड्यांत आहेत, त्यातल्या मोजक्याच पर्यटकांच्या वाटेवर येतात.

पहिली मोठी जागा, जिला सभागृह म्हणतात, तिथे अण्णा नुसते वर बघत राहिले. बोगद्यासारखी उंच जागा, आरपार वारा. या छतावरच्या एका खुणेची गोष्ट मला ठाऊक होती. २०२१ मध्ये काही शास्त्रज्ञांनी तिला पन्नास कोटी वर्षांहून जुन्या जिवाचा जीवाश्म ठरवलं, मोठा गाजावाजा झाला. २०२३ मध्ये दुसऱ्या पथकानं जाऊन पाहिलं तर ते आग्या मोहोळाचं वाळून गेलेलं पोळं निघालं. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "मला इचारलं असतं तर खालूनच सांगितलं असतं."

चित्रं मात्र दिसेनात. दोन-तीन कपारी झाल्या. फलक म्हणतो इथे हरणं आहेत, नर्तक आहेत. आम्हाला दिसतात ते डाग. मोबाइलमध्ये तर नुसता तपकिरी दगड. अर्ध्या तासानं अण्णा वैतागले. "एवढ्या लांब काय फत्तर बघाया आणलंस का?"

सावलीत बसलेल्या चौकीदारानं आमची तऱ्हा बघितली असावी. तो उठून आला आणि एवढंच म्हणाला की भिंतीला नाक लावू नका, चार पावलं मागं सरा, उन्हाकडे पाठ करा आणि जरा थांबा.

थांबलो. आणि ती भिंत हलायला लागली, दुसरा शब्द नाही. आधी एक पांढरा हत्ती दिसला. मग त्याच्या पोटातून एक शिंग, शिंगाखाली गवा. हरणावर हरीण, त्याच्यावर अजून एक. आधीचं चित्र न पुसता पुढच्यानं आपलं काढलेलं. या कपारीला झू रॉक म्हणतात ते उगाच नाही. सर्वांत जुनी चित्रं दहा हजार वर्षांच्या आसपासची मानतात, आणि घोडेस्वारांची, तलवारींची चित्रं अगदी अलीकडची, म्हणजे ऐतिहासिक काळातली. एकच भिंत इतक्या पिढ्यांनी वापरलेली.

अण्णा लाल रंगाच्या एका आकृतीकडे बघत म्हणाले, "आरं, हे तर हुरमुंजानं काढल्यावानी दिसायलंय." पोळ्याला बैलाच्या अंगावर आम्ही हुरमुंजाचे ठसे मारतो, तोच तो लाल. आणि खरंच, रंग लोहाच्या मातीचाच, गेरूच्या जातीतला. अजिंठ्याला भिंतीवर आधी माती, साळीचा भुसा वगैरेचा गिलावा दिला आणि त्यावर रंगवलं. गिलावा पडला की चित्रही गेलं. इथे गिलावाच नाही. रंग सरळ दगडावर, त्याच्या छिद्रांत मुरलेला.

शेवटच्या टप्प्यात वराहाची कपार. भलंमोठं लाल जनावर, तोंड डुकराचं पण डोक्याला शिंगं, आणि त्याच्यापुढे पळणारा एक इवलासा माणूस. त्या माणसाचे पाय बघा, गेलात तर. दोनच रेघा आहेत, पण जीव घेऊन पळतोय हे कळतं. अण्णा तिथे इतका वेळ उभे राहिले की मी खाली बसून पाणी पिऊन आलो. आमच्या मक्याच्या वावरात रानडुकरानं त्यांना एकदा असंच पळवलं होतं, मांडीला अजून वण आहे.

परतताना टॅक्सीतूनच त्यांनी गावी चुलत्याला फोन लावला. "लेणी न्हाईत रं, नुसत्या कपारी हैत. पर एक डुक्कर बघितलं, शिंगाचं! अन् म्होरं एक गडी पळायलाय..." मग आवाज बारीक करून, "तेला झाड घावलं न्हाई वाटतं."