१५० पैकी १३८
आज सोसायटीच्या हळदीकुंकवाला एका काकूंनी लेकाच्या पॅकेजचा आकडा तिसऱ्यांदा ऐकवला. तिळगूळ खाणाऱ्या सगळ्या गप्प.

मग मीच म्हटलं, "आमच्याकडे आनंदच आहे हो. मी दहावीला गणितात कशीबशी काठावर पास. अजून भाजीवाल्याचा हिशेब बोटांवर मोजते!"

हशा पिकला. काकूही हसल्या आणि म्हणाल्या, "मला तरी कुठे मोबाईलवरून पैसे पाठवता येतात?" तेवढ्यापुरता आकडा मागे पडला. स्वतःवर खुशखुशीत बोलल्याचं समाधान घेऊन मी निघाले.

लिफ्टमध्ये लेकीने विचारलं, "आई, तू खरंच ढ होतीस?"

"छे गं! १५० पैकी १३८ होते मला!" चौथा मजला येईपर्यंत हे मी दोनदा सांगितलं. वर्गात दुसरी आले होते, हेही.

म्हणजे काकूंची टिमकी उघड, माझी झाकलेली. ढ असल्याची मजा मला परवडते, कारण आपण ढ नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. खरोखर नापास झालेली एखादी तिथे बसली असती, तर तीही हसली असती का?

कुलूप उघडताना लेक म्हणाली, "मग तिथे खोटं का सांगितलंस?"

काय सांगू तिला?