सांतियागोचं वीजबिल आणि पाच वर्षं साचलेली दरवाढ

जुलै २०२४ पासून चिलीत घरगुती विजेचे दर तीन टप्प्यांत वाढले. पहिला टप्पा जुलैत, दुसरा ऑक्टोबरात, तिसरा जानेवारी २०२५ मध्ये. गावागणिक आकडा वेगळा असला तरी एकूण वाढ साधारण साठ टक्क्यांच्या घरात गेली. आपल्याकडे जुलै म्हणजे पाऊस, इथे चिलीच्या राजधानीत, सांतियागोत, ऐन हिवाळा. इथल्या बऱ्याच जुन्या घरांत गारठा थेट आत येतो, आणि संध्याकाळी हीटर लावल्याशिवाय वयस्कर माणसांना बसवत नाही. नेमक्या त्याच महिन्यात दरवाढ सुरू झाली.

घरी फोनवर हे सांगितलं की आईचा पहिला प्रश्न असतो, "एकदम एवढी वाढ सरकार करू कसं देतं?" खरं तर ती एकदम झालेली नाही. २०१९ पासून ती साचत होती, आणि ती साचू देण्यासाठी लागणाऱ्या पैशातला मोठा वाटा एका विकास बँकेनं उभा करून दिला होता.

ऑक्टोबर २०१९ मध्ये सांतियागो मेट्रोचं तिकीट ३० पेसोंनी (पेसो हे इथलं चलन) वाढलं आणि लोक रस्त्यावर उतरले. राग फक्त तिकिटाचा नव्हता. पेन्शन, औषधं, शिक्षण, सगळंच वर आलं. त्याच वेळी विजेचे दरही ९.२ टक्क्यांनी वाढायचे होते. राष्ट्राध्यक्ष सेबास्तियान पिन्येरा यांनी ती वाढ मागे घेतली, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला कायदाच झाला: दर २०१९ च्या पहिल्या सहामाहीच्या पातळीवर गोठवायचे.

पण दर गोठवले म्हणून वीज तयार करण्याचा खर्च गोठत नाही. इथल्या वितरण कंपन्या लिलावातून निर्मिती कंपन्यांशी लांब मुदतीचे करार करतात. त्यातला भाव डॉलरमध्ये असतो, आणि अनेक करारांत इंधनाच्या किमतीप्रमाणे बदलतो. ग्राहक बिल भरतो पेसोत. दोन्हींतला फरक निर्मिती कंपन्यांच्या हिशेबात 'येणे' म्हणून चढत गेला. वाण्याच्या वहीत उधारी मांडतात तसाच हा प्रकार, फक्त ती फेडायची शेवटची तारीख डिसेंबर २०२७ होती.

या योजनेमागे एक हिशेब होता, आणि तो वेडगळ नव्हता. सौर आणि पवनऊर्जेचे स्वस्त करार आधीच झालेले होते, त्यांची वीज पुढच्या काही वर्षांत यायची होती. ती आली की सरासरी खर्च गोठवलेल्या दराच्या खाली येईल, ग्राहक तोच दर भरत राहील, आणि वरच्या पैशांतून जुनी बाकी फिटेल. कुणाचंही बिल न वाढता.

तोपर्यंत निर्मिती कंपन्यांनी थांबायचं कसं? मोठ्या कंपन्या कशाबशा तग धरतील, पण कर्ज काढून अताकामाच्या वाळवंटात सौर प्रकल्प उभारणाऱ्यानं हप्ते कुठून भरायचे? इथे आंतर-अमेरिकन विकास बँक पुढे आली. १९५९ साली स्थापन झालेली ही बँक लॅटिन अमेरिकेतल्या देशांना कर्ज देते, आणि खासगी क्षेत्रासाठी तिची बीआयडी इन्व्हेस्ट (बीआयडी ही बँकेच्या स्पॅनिश नावाची आद्याक्षरं) नावाची वेगळी शाखा आहे. या शाखेनं गोल्डमन सॅक्स या अमेरिकन गुंतवणूक बँकेसोबत कंपन्यांचं 'येणे' विकत घेण्याची व्यवस्था लावली. २०२१ पासून कंपन्यांना हातात रोख मिळू लागली, आणि पुढच्या वसुलीचा हक्क गुंतवणूकदारांकडे गेला. मला हे काम मोलाचं वाटतं. नुसता खासगी पैसा अशा वेळी एकट्यानं दारात उभा राहत नाही.

हिशेब मात्र चुकला. २०१९ च्या उठावाआधी डॉलर सातशे-सव्वासातशे पेसोंना मिळत होता. जुलै २०२२ मध्ये तो हजाराच्या वर गेला. युक्रेनच्या युद्धानं इंधन महागलं, आणि चिलीतला दुष्काळ हटत नव्हता, त्यामुळे जलविद्युतही कमी. बाकीची मर्यादा १३५ कोटी डॉलर ठरवली होती, ती कितीतरी आधीच भरली. मग ऑगस्ट २०२२ मध्ये दुसरा कायदा आला: आणखी १८० कोटी डॉलर. या वेळी सरकारी तिजोरीनं हमी देऊन डॉलरमधली देयकपत्रं, म्हणजे पुढे पैसे देण्याची लेखी वचनं, काढली आणि त्यांच्या वित्तपुरवठ्यातही बीआयडी इन्व्हेस्ट होती. तेही पुरलं नाही. एप्रिल २०२४ च्या तिसऱ्या कायद्यानं शेवटी दर मोकळे केले. तेव्हा एकूण बाकी सुमारे ६०० कोटी डॉलर झाली होती, आणि तिची फेड आता २०३५ पर्यंत चालणार आहे. गरीब कुटुंबांसाठी अनुदान आहे, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि आधीचं बिल थकलेलं चालत नाही. ज्याला मदत सर्वांत जास्त हवी, त्याचंच बिल थकलेलं असतं.

त्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये उघड झालं की दर ठरवताना महागाईचा परिणाम दोनदा धरला गेला होता. ऊर्जामंत्री दिएगो पार्दो यांना पद सोडावं लागलं, आणि जादा घेतलेले पैसे पुढच्या बिलांतून परत द्यायचं ठरलं.

माझी तक्रार विकास बँकेबद्दल नाही, दर गोठवण्याबद्दलही नाही. २०१९ च्या त्या आठवड्यांत दुसरं काय करता आलं असतं, मला दिसत नाही. पण त्या पाच वर्षांत आमच्या इमारतीत एकालाही सांगता आलं नसतं की आपल्या घरामागे किती रक्कम साचते आहे. खालच्या मजल्यावरच्या आजी निवृत्तिवेतनावर राहतात. दर गोठले म्हणजे प्रश्न मिटला, असंच त्या समजत होत्या. दर महिन्याच्या बिलावर ठळक अक्षरांत 'आजवर पुढे ढकललेली रक्कम' छापायला हवी होती. माणूस तशी तयारी करतो.

शिवाय फेडणारा कोण, हेही बघा. ही बाकी वापरलेल्या युनिटवर वसूल होते, म्हणजे आज जो वीज वापरतो तो भरतो. गेल्या वर्षी पुण्याहून आलेलं एक मराठी कुटुंब आमच्या ओळखीचं आहे. २०२० च्या स्वस्त विजेचा एक युनिट त्यांनी वापरलेला नाही, तरी तिची बाकी त्यांच्याही बिलात येते. देश सोडून गेलेला सुटला, आणि छपरावर सौर पॅनेल बसवण्याची ऐपत असलेला बराचसा सुटला.

भारतात याला 'रेग्युलेटरी ॲसेट' म्हणतात: वीज नियामक आयोगानं मान्य केलेला, पण ग्राहकांकडून लगेच वसूल न केलेला खर्च. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीच्या वीज कंपन्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ही साठलेली रक्कम ठरलेल्या मुदतीत फेडायला सांगितली आणि राज्यांच्या आयोगांकडून तिचा आराखडा मागितला. आपल्या बिलावर स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार वेगवेगळे छापलेले असतात. पुढे ढकललेल्या रकमेसाठीही तिथेच एक ओळ असावी, ही मागणी वीज आयोगाच्या जनसुनावणीत कुणीही ग्राहक करू शकतो. पुढची सुनावणी लागेल तेव्हा तुमच्यापैकी कुणीतरी ती जरूर करा.