कॅपुचिनो, लाटे आणि इंदूरचं दूध

कॅपुचिनो आणि लाटेत एस्प्रेसो (मशीनने दाबाखाली काढलेली कडक कॉफी) तोच, फरक दुधाचा. १८ ग्रॅम पूड, २५ ते ३० सेकंदांत कपात ३६ ग्रॅम कॉफी. १५ सेकंदांतच धो धो आली तर दळण जाड आहे, आंबट लागेल. थेंब थेंब गळत राहिली तर फार बारीक, मग कडू.

खरी मेख दुधात. इंदुरात मिळणारं ६ टक्के फॅटचं फुल क्रीम लाटेला उत्तम, पण उकळून ठेवलेलं नको; सायीचे कण फेसात येतात. पिशवीतलं पाश्चराइज्ड दूध फ्रिजमधून थेट स्टीलच्या जगमध्ये, निम्म्याहून कमी. वाफेच्या नळीचं टोक दुधात जेमतेम बुडवून पहिली ४-५ सेकंद हवा भरायची, मग थोडं खोल घालून दूध नुसतं गरगर फिरवायचं. ६० ते ६५ अंशांना थांबा. ७० च्या वर गोडवा जातो. कॅपुचिनोला फेस जाड, लाटेला पातळ थर पुरे. (वर चॉकलेट भुरभुरणं ही हौस.)

अमेरिकानोत (गरम पाणी घातलेला एस्प्रेसो) पाणी आधी घ्या, क्रेमा म्हणजे कॉफीवरचा सोनेरी फेस टिकतो. आणि मशीनमध्ये बोरिंगचं पाणी अजिबात नको, बॉयलरमध्ये क्षार धरतात.