पानपाया ढेकणाचं पिल्लू ओळखायचं तर आधी सोंड पाहा

सकाळची दोन तासांची फेरी. सोबत दहापट भिंग, पांढऱ्या तळाचा झाकणाचा डबा, मऊ ब्रश. पहिल्या तासात सापडल्या त्या नुसत्या वाळक्या काती. मग एका झुडपाच्या कोवळ्या शेंगेवर वीसेक नारिंगी पिल्लं, पाय काळेभोर, एकमेकांना खेटून बसलेली.

पानपाया ढेकूण म्हणजे झाडाचा रस शोषणारा किडा, घरातला ढेकूण नव्हे. त्याचं पिल्लू ओळखताना घोळ इथेच होतो. नावात ‘पान’ आहे म्हणून सगळे मागच्या पायाची पानासारखी पसरट नडगी शोधतात, पण लहान पिल्लांत ती सडपातळच असते. पिल्लू पाच अवस्थांतून जातं. पसरटपणा नंतरच्या अवस्थांत दिसू लागतो, पंखांच्या कोंबांच्या आगेमागे. शिवाय याच कोरेइडी कुळातल्या कित्येक जातींत प्रौढांचे पायही साधेच असतात.

म्हणून पिल्लू डब्यात घ्या, पारदर्शक झाकणावर चढू द्या आणि खालून सोंड, म्हणजे तोंडाची टोचणारी नळी, पाहा. पानपायाची सोंड सरळ, बारीक, चार पेरांची आणि पोटाशी दुमडून पायांच्या मधोमध टेकलेली. याच्याशी गल्लत होते ती इतर किडे खाणाऱ्या शिकारी ढेकणाची; त्याची सोंड आखूड, जाड, तीन पेरांची, डोक्याखाली कमानीसारखी वळलेली. त्याचं डोकंही लांबट, डोळ्यांमागे मानेसारखं निमुळतं. हा चावला तर चांगलंच झोंबतं, तेव्हा बोटांनी उचलूच नका. घोळका दिसला म्हणजे पानपायाच, असंही नाही. शिकाऱ्याची नुकती फुटलेली पिल्लंही काही काळ एकत्र राहतात.

कपाशीवरच्या लाल ढेकणाशी गल्लत होत असेल तर पाठ पाहा. पोटाच्या वरच्या बाजूला मधल्या रेषेवर गंधग्रंथींची तोंडं असतात: पानपायाला दोन, लाल ढेकणाला तीन. नुकतीच कात टाकलेलं पिल्लू मात्र फिकट आणि मऊ असतं. त्याच्या रंगावर काहीही ठरवू नका, काही तासांनी परत या.

जवळ जाताना सावली पडू देऊ नका. ही पिल्लं चटकन फांदीच्या पलीकडे सरकतात किंवा खाली टपकतात, म्हणून डबा आधी खाली धरा, मगच ब्रश लावा. फोटो तीन हवेत: पाठ, बाजू, सोंड. नुसत्या पाठीच्या फोटोवरून ओळख चुकू शकते.

जातीचं नाव पिल्लावरून सहसा सांगता येत नाही. वहीत कुळ लिहा, झाड लिहा. त्याच झाडावर काही आठवड्यांनी प्रौढ मिळतात. देठावर किंवा पानाच्या मधल्या शिरेवर तपकिरी अंड्यांची एका ओळीतली माळ दिसली, तर तिचाही फोटो घ्या.