पीपीपी कर्जाचा आरोप आणि सहीच्या दिवशी लागू असलेला नियम

कोविड काळात अमेरिकी सरकारने छोट्या उद्योगांना कामगारांचे पगार देता यावेत म्हणून दिलेल्या पीपीपी (पेचेक प्रोटेक्शन प्रोग्राम) कर्जांतील फसवणुकीचे खटले अजून चालू आहेत, आणि आपल्या इथल्या मराठी मंडळींत त्यांविषयी तीन वाक्ये हमखास ऐकू येतात: ‘बँकेने बघूनच पैसे दिले’, ‘कर्ज माफ झाले म्हणजे विषय संपला’ आणि ‘इतक्या वर्षांनी कोण विचारतो?’ न्यू जर्सीत फौजदारी बचावाची कामे घेणाऱ्या एका वकिलांच्या कार्यालयात मी कागदपत्रे लावण्याचे काम करते. मी वकील नाही. परंतु या तिन्ही वाक्यांचा आरोपीला काडीचा उपयोग होत नाही, एवढे फाइली चाळताना सहज कळते. ज्याचा खरोखर उपयोग होतो, त्याकडे मात्र फारसे कोणी वळत नाही.

मुदतीचा मुद्दा चटकन संपणारा आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये झालेल्या दोन कायद्यांनी पीपीपी आणि ईआयडीएल (आपत्तीत छोट्या उद्योगांना मिळणारे दुसरे सरकारी कर्ज) या दोन्ही कर्जांतील फसवणुकीसाठी खटला भरण्याची मुदत दहा वर्षांची केली. त्यामुळे एप्रिल २०२० मधल्या अर्जावर एप्रिल २०३० पर्यंत दोषारोप ठेवता येतात. माफीचा अर्ज हे तर सहीनिशी केलेले वेगळे निवेदन असते, आणि त्यात खोटे असेल तर पहिल्या आरोपाला दुसऱ्याची जोड मिळते. राहिली बँक. अर्जदाराने लिहून दिलेल्या हमीवर विसंबण्याची मुभा या योजनेनेच बँकांना दिली होती. शिवाय फसवणुकीच्या खटल्यात विधान खोटे आणि महत्त्वाचे होते एवढे सिद्ध करावे लागते, समोरच्याने त्यावर विश्वास ठेवला हे सिद्ध करावे लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ च्या नीडर खटल्यात सांगितले आहे. ‘मी पैसे परत करणारच होतो’ हा युक्तिवादही २०२५ च्या कुसिसिस निकालानंतर फार दुबळा झाला, कारण खोटे सांगून पैसे मिळवले असतील तर नुकसान करण्याचा हेतू नव्हता असे म्हणून सुटका होत नाही, असे न्यायालयाने त्यात स्पष्ट केले.

मग उरते काय? उरतो हेतू, आणि हेतू तपासायचा तो सही केली त्या दिवसाच्या माहितीवर. अर्ज ३ एप्रिल २०२० रोजी सुरू झाले आणि योजना चालवणाऱ्या स्मॉल बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन या सरकारी संस्थेचे पहिले नियम आदल्या संध्याकाळी आले. ३४९ अब्ज डॉलरची पहिली रक्कम १६ एप्रिलला संपलीसुद्धा. कर्जाची रक्कम पगारखर्चावरून ठरत असे. कायद्याच्या मजकुरात या पगारखर्चाच्या व्याख्येत स्वतंत्र कंत्राटदारांचा उल्लेख होता, तर नियमाने सांगितले की १०९९ फॉर्मवर, म्हणजे कंत्राटी पद्धतीने काम करणाऱ्यांना मालकाने आपल्या पगारखर्चात धरू नये, त्यांनी स्वतःचा वेगळा अर्ज करावा. त्या पहिल्या आठवड्यात कोणी त्यांना धरून आकडा काढला असेल, तर ती चूक असू शकते. नसलेल्या बारा कामगारांची नावे लिहिणे ही चूक असू शकत नाही. बचावाचे निम्मे काम या दोन गोष्टी ज्युरीपुढे वेगळ्या करून दाखवण्याचे असते. अर्जदाराने अर्जाच्या वेळी उपलब्ध असलेल्या नियमांवर आणि मार्गदर्शनावर विसंबावे, असे सरकारच्याच प्रश्नोत्तरांत म्हटले होते, त्यामुळे नियमाची प्रत्येक आवृत्ती तारखेसह फाइलला लावणे हे कंटाळवाणे असले तरी मोलाचे काम आहे.

एक आकडा आमच्या फाइलींत फार भेटतो: २०,८३३ डॉलर. एकट्याने धंदा करणाऱ्याचे उत्पन्न जास्तीत जास्त एक लाख धरायचे, त्याला बाराने भागायचे आणि अडीचने गुणायचे, की हा आकडा येतो. आधी हे उत्पन्न शेड्यूल सी या आयकर विवरणाला जोडायच्या धंद्याच्या फॉर्मच्या ३१ व्या ओळीवरून, म्हणजे निव्वळ नफ्यावरून घ्यायचे होते. मार्च २०२१ मध्ये सातव्या ओळीवरचे एकूण उत्पन्नही चालू लागले. त्यामुळे नफा तीस हजार आणि एकूण उत्पन्न एक लाख दहा हजार असलेल्या माणसाने फेब्रुवारीत हा आकडा लिहिला तर तो चुकीचा, आणि मार्चच्या नव्या नियमानंतर लिहिला तर बरोबर. शिवाय या गटातल्या माणसाला ती रक्कम स्वतःचा मोबदला म्हणून घेता येत होती, म्हणून त्यातून गाडीचा हप्ता भरला एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. अर्थात शेड्यूल सीच मुळात कधी भरलेले नसेल आणि अर्जासाठी तयार करवून घेतलेले असेल, तर नियमांची कुठलीही आवृत्ती मदतीला येत नाही.

बऱ्याच जणांचे अर्ज एखाद्या एजंटने भरलेले असतात. योजनेच्या नियमानुसार एजंटाची फी कर्ज देणाऱ्याने द्यायची होती, अर्जदाराकडून ती घ्यायची नव्हती. तरीही टक्केवारी उकळणारे कमी नव्हते. एजंटाने आकडे परस्पर फुगवले आणि अर्जदाराला ते कळलेच नाहीत, हा खरा बचाव होऊ शकतो. पण ‘किती दाखवायचे?’ असा एक व्हॉट्सॲप निरोप तो बचाव मोडून काढतो, आणि जाणूनबुजून केलेली डोळेझाक न्यायालय माहिती असल्यासारखीच धरते. असा निरोप पुसून टाकणे हा तर त्याहून मोठा धोका आहे, कारण तपासात अडथळा आणण्यासाठी पुरावा नष्ट करण्याच्या कलमात वीस वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

दारात तपास अधिकारी आले की आपल्याकडे आधी चहा विचारला जातो आणि मग भडाभडा सगळे सांगितले जाते. गप्प राहण्याचा हक्क राज्यघटनेने दिलेला आहे. बोलून खोटे सांगितले तर मात्र पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा स्वतंत्र गुन्हा होतो. अधिकारी गेल्यावर पहिला फोन जातो तो ओळखीच्या सीपीएला (परवानाधारक हिशेबनिसाला), आणि तोच फोन मला सर्वांत घातक वाटतो. संघराज्याच्या फौजदारी खटल्यात हिशेबनिसाशी झालेल्या बोलण्याला वकिलासारखे गोपनीयतेचे संरक्षण नाही, हे १९७३ च्या काउच खटल्यापासून ठरलेले आहे. उद्या तोच सीपीए तुमच्याविरुद्ध साक्षीला उभा राहू शकतो. हिशेब तपासून घ्यायचा असेल तर वकिलाने स्वतः वेगळा हिशेबनीस नेमायचा असतो, म्हणजे त्याचे काम वकिलाच्या गोपनीयतेच्या छत्राखाली येते.

ग्रीन कार्डवर किंवा एच-वन-बीवर असलेल्यांसाठी तुरुंगापेक्षाही देशाबाहेर जावे लागण्याचा प्रश्न मोठा ठरू शकतो. फसवणुकीच्या गुन्ह्यात नुकसान १०,००० डॉलरपेक्षा जास्त असेल तर इमिग्रेशन कायदा त्याला गंभीर गुन्ह्यांच्या वर्गात टाकतो, आणि २०,८३३ चे एक कर्जही ती रेषा ओलांडते. २००९ च्या निझावन खटल्यात ज्युरीने नुकसानीचा आकडा ठरवलेला नव्हता, तरी शिक्षेच्या टप्प्यावर मान्य केलेला आकडा विचारात घेता येतो असे सर्वोच्च न्यायालय म्हणाले. गुन्हा कबूल करण्यापूर्वी हद्दपारीच्या धोक्याची कल्पना देणे हे वकिलाचे कर्तव्य असल्याचे २०१० च्या पडिया खटल्याने ठरवले आहे. तेव्हा कबुलीच्या मसुद्यावर सही करण्याआधी त्यातला भरपाईचा परिच्छेद इमिग्रेशन वकिलाला दाखवून घ्यावा, आणि मसुदा दाखवायला वेळ नाही असे सांगणारा वकील बदलावा.