दाखला

मंगळवार, रात्र

भरतीचा फॉर्म आज भरला. अनुसूचित जातीचा दाखला जोडला नाही.

तो दाखला बानं कसा मिळवला ते मी पाहिलंय. 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा पुरावा पाहिजे, म्हणून आज्याच्या नावाची कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल काढायला तहसिलीत किती चकरा! दर चकरेला एक मजुरी बुडायची. नक्कल हाती आली त्या दिवशी त्यानं यवतमाळहून पेढे आणले होते. आणि नेमक्या त्याच तारखेचा राष्ट्रपतींचा आदेश आहे, हिंदू नसेल त्याला अनुसूचित जातीचा धरायचं नाही. 1956 मध्ये शीख त्यात घेतले, 1990 मध्ये बौद्ध. ख्रिस्ती अजून बाहेरच. हा अन्याय आहे, असंच मला वाटतं. बाप्तिस्मा झाला म्हणून गावाच्या लेखी आमचा वाडा बदलला नाही. पण अन्याय आहे म्हणून मी खोटं लिहू का? कपाशी वेचताना महिनाभर हेच डोक्यात.

माय म्हणाली, "कागदावर मातंग राह्य, मनात येशू ठेव. कोन पाह्यते तुह्या मनात?"

तिचं चुकतं असं म्हणवत नाही. मला 37 वं चालू आहे. खुल्या प्रवर्गाला वयाची अट 38, राखीवला 43.

बायबलातल्या पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्राचा तिसरा अध्याय पुन्हा काढला. बन्यामिनाच्या वंशातला, इब्र्यांचा इब्री, परूशी. पौलही आधी आपला दाखलाच वाचून दाखवतो, आणि मग हे सगळं ख्रिस्तापुढं केरकचरा म्हणतो. बेड्यांत असताना लिहिलंय त्यानं. मंडळीत कितीदा ऐकलं, मान डोलावली. आज मात्र तो शब्द घशाखाली उतरेना. माझ्या दाखल्यात बाच्या बुडालेल्या मजुऱ्या आहेत. त्यांना केरकचरा म्हणायला जीभ वळत नाही. प्रभू, हे मोलाचं आहे हे जाणूनच तुला देतो. यापेक्षा मोठं माझ्याकडं दुसरं काही नव्हतं.

फॉर्म भरून आलो तर माय चुलीपाशी होती. मी सांगितलं. बराच वेळ बोलली नाही. मग हात पुसून उठली, दाखला आणि आज्याची नक्कल पन्नीत गुंडाळली अन् बाच्या पेटीत तळाशी ठेवली.

"राहू दे मायापाशी," म्हणाली. "तुया बाची हाय."