आभाराचं पाकीट

आमच्या चर्चच्या मंडळीत लग्नाच्या वाढदिवसाला आभारदानाचं पाकीट देतात. वर नवराबायकोची नावं, रक्कम आणि निमित्त. दान गोळा झालं की सेक्रेटरी वाचून दाखवतात, "देवाने केलेल्या सर्व उपकारांबद्दल, 501 रुपये." आमचंही पंचवीस वर्षं तेच वाक्य. रक्कम तेवढी 51 वरून 501 झाली.

यंदा शनिवारी रात्री ही पाकीट घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली. "अहो, कशाबद्दल लिहू?"

"सर्व उपकारांबद्दल."

"एक तरी नाव घेऊन सांगा."

नाव घ्यायचं म्हटलं की मला घाम फुटतो. लग्नात उखाण्याला कसंबसं यमक जुळवून सुटलो होतो. आणि देवाचे आभार मानायला जीभ रोज वळते, जेवणाआधी तर न चुकता. भाकरी थापणारी समोरच बसलेली असते, तिच्यापाशी आली की मात्र अडते.

महिला रविवारी पाळकसाहेब हमखास बायबलमधलं नीतिसूत्रे 31 काढतात, सद्गुणी स्त्रीचा उतारा. मूळ हिब्रूत त्या बावीस ओळी बावीस अक्षरांवर बांधल्यात, आपल्या अ ते ज्ञ सारख्या. बाई त्यात अंधारात उठते, शेत घेते, सूत कातते, घराला जेवू घालते. नवऱ्याला कामं म्हणाल तर दोनच: वेशीत वडीलमंडळींत बसणं आणि बायकोची प्रशंसा करणं. पैकी पहिलं आम्ही नगरकर पुरुष मनापासून करतो.

हिला एकदा ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळकांचं सांगत होतो. नारायण वामनांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी 1900 साली, स्वतःला पटलं तेव्हा. ही म्हणाली, "पाच वर्षं थांबले ते. तुम्ही चहा गाळेपर्यंत थांबत नाही."

तर त्या शनिवारी बराच वेळ गेला. मग मी उठून कपाटातून 2019चं कॅलेंडर काढलं. ऑगस्टच्या पानावर पुढून दुधाचा हिशेब, मागे हिच्या अक्षरात माझे डेंग्यूतले प्लेटलेट. 88,000. 52,000. 31,000. त्या शेवटच्या आकड्याखाली पेनाचे नुसते ठिपके आहेत, दहाबारा, एकाच जागी टेकवलेले. ही स्टाफ नर्स, त्या आकड्याचा अर्थ तिला कळत होता. मला मात्र त्या रात्री म्हणाली होती, "वाढतायत. झोपा."

मी ठिपक्यांवर बोट ठेवलं. "हे लिही."

ती पानाकडे बघत राहिली. मंगळसूत्रातला क्रूस दातांत धरायची सवय आहे तिला, तसा धरला. मग म्हणाली, "टाकलं नाही होय तुम्ही हे?"

"आता तुझं सांग."

तिला विचार करावाच लागला नाही. "नाइटला सोडायला येता, तेव्हा मी आत गेले तरी तुम्ही स्कूटर बंद करून फाटकाशी थांबता. मी वॉर्डात पोचून खिडकी उघडली की मग निघता."

हे तिला माहीत आहे, हेच मला माहीत नव्हतं.

"वरून दिसतं," ती म्हणाली, आणि पाकिटावर लिहू लागली. जागा पुरेना, म्हणून उलटं करून मागेही लिहिलं.